पुलांचे भूकंप-अवमंदक

भूकंपात पुलाला मिळणाऱ्या गतिज ऊर्जेचा मोठा भाग शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करणाऱ्या उपकरणास अवमंदक किंवा डॅम्पर म्हणतात. पुलाचे बरेचसे वजन वरच्या गाळ्यांत, म्हणजे दोन खांबांमधल्या भागांत, एकवटलेले असते आणि तापमानानुसार त्यांची लांबी कमीजास्त होत असल्याने त्यांना खांबांवर थोडे सरकू द्यावे लागते. जमीन हादरली की हाच मोकळेपणा घातक ठरतो. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९८९ साली झालेल्या लोमा प्रिएटा भूकंपात सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा सुमारे १५ मीटर लांबीचा भाग आधार सुटून खाली कोसळला. उलट गाळे खांबांना घट्ट जखडले, तर सगळा भार खांबांच्या बुडाशी येतो. अवमंदक या दोहोंमधला मार्ग काढतो.

महामार्गांवरील पुलांत श्यान (घट्ट, सहज न वाहणाऱ्या) द्रवाचा अवमंदक विशेष प्रचलित आहे. सिलिकॉन तेलाने भरलेल्या बंद नळकांड्यात दट्ट्या सरकतो, तेव्हा तेल दट्ट्यातील बारीक छिद्रांतून जोराने ढकलले जाते आणि तापते. त्याचा विरोध अंतरावर नव्हे, तर वेगावर अवलंबून असतो. म्हणून दिवसभरात उन्हाने सावकाश होणाऱ्या प्रसरणाला तो जवळजवळ अडवत नाही, भूकंपाच्या झटक्याला मात्र जोरदार अडवतो. शिवाय खांब सर्वाधिक वाकलेला असतो त्या क्षणी वेग शून्यावर आलेला असल्याने अवमंदकाचे बल खांबावरील कमाल ताणात फारशी भर घालत नाही. दिसायला असेच असलेले, पण झटक्यासरशी नुसते जखडून जाणारे उपकरणही पुलांत वापरतात. ते भार अनेक खांबांत वाटते, ऊर्जा शोषत नाही, त्यामुळे त्याला अवमंदक म्हणणे योग्य नाही. घर्षणावर किंवा पोलाद वाकण्यावर चालणारे अवमंदकही आहेत. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेले शिशाच्या गाभ्याचे रबरी बेअरिंग तर आधार आणि अवमंदन ही दोन्ही कामे करते.

ग्रीसमधील २००४ साली खुल्या झालेल्या रिओ-अँटिरिओ पुलावर रस्त्याचा पट मनोऱ्यांना आडव्या अवमंदकांनी जोडला आहे. एरवी वाऱ्यात तो हलू नये म्हणून सोबत एक दांडा असतो आणि तो मोठ्या भूकंपात मुद्दाम तुटावा अशी योजना आहे.

अवमंदकाचे खरे मोजमाप त्याच्या बलाइतकेच त्याच्या सरकण्याच्या मर्यादेत असते, आणि आराखड्यात चुकते ते बहुधा हेच. तुर्कस्तानातील बोलू येथील उन्नत मार्गावर पोलादी ऊर्जाशोषक बसवलेले होते. १२ नोव्हेंबर १९९९ रोजीच्या दूझ्जे भूकंपात प्रस्तरभंग, म्हणजे जमिनीतील खडकांची सरकलेली भेग, थेट त्या मार्गाखालून गेला, गाळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सरकले आणि ती यंत्रणा निकामी झाली. गाळे मात्र खाली पडले नाहीत. म्हणून अवमंदकांसोबत खांबांवर रुंद बैठक आणि गाळ्यांना धरून ठेवणारे पोलादी दोर ठेवतात.

वाहतुकीमुळे दट्ट्या अखंड किंचित हलत राहतो, त्याने तेल आत रोखून धरणारे सील झिजते आणि तेल गळू लागते. त्यामुळे तपासणीत सर्वप्रथम सीलभोवतीचा भाग पाहिला जातो.