बॅटरीचा साठवणुकीतील क्षमताऱ्हास

लॅपटॉप दीर्घकाळ न वापरता ठेवल्यास त्याच्या लिथियम-आयन बॅटरीची ऊर्जा साठवण्याची कमाल क्षमता कमी होते. या घटीला साठवणुकीतील क्षमताऱ्हास म्हणतात. बॅटरी उतरणे आणि तिची क्षमता घटणे यांत नेहमी गल्लत होते. उतरलेली बॅटरी चार्ज करून पुन्हा भरता येते, पण घटलेली क्षमता बहुतांशी परत मिळत नाही.

१९९१ मध्ये बाजारात आलेल्या या प्रकारच्या बॅटरीत ऋणाग्र (ऋण टोक) सामान्यतः ग्रॅफाइटचे असते. सुरुवातीच्या चार्जिंगच्या वेळीच इलेक्ट्रोलाइटच्या (दोन्ही टोकांमधून लिथियम वाहून नेणाऱ्या द्रवाच्या) विघटनातून ग्रॅफाइटवर अत्यंत पातळ थर जमतो. पुढील विघटन हाच थर रोखून धरतो, म्हणून बॅटरी वर्षानुवर्षे चालते. मात्र हा अडसर पुरता अभेद्य नसल्याने लॅपटॉप बंद असतानाही थर संथपणे जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम चार्ज होताना व उतरताना दोन टोकांमध्ये होणाऱ्या ये-जा करण्यातून कायमचे बाद होते. बॅटरी जितकी भरलेली आणि जागा जितकी उष्ण, तितकी ही प्रक्रिया वेगवान होते. सुमारे ४०% चार्ज करून २५° से. तापमानात वर्षभर ठेवलेल्या बॅटरीत सुमारे ९६% क्षमता उरते, तर पूर्ण भरून ४०° से.ला ठेवलेल्या बॅटरीत सुमारे ६५%, असे ढोबळ आकडे सांगितले जातात. प्रत्यक्ष प्रमाण बॅटरीच्या रसायनांनुसार बदलते. ठेवण्यापूर्वी बॅटरी काळजीपूर्वक काठोकाठ भरण्याची सवय त्यामुळे उलटीच ठरते.

पूर्ण उतरलेली बॅटरी तशीच ठेवणे त्याहूनही वाईट. बॅटरीतील घट (सेल) स्वतःहून थोडा थोडा उतरत असतो, शिवाय बॅटरीतील संरक्षक सर्किटही किंचित वीज खाते. घटाचा विद्युतदाब सुमारे २.५ व्होल्टच्या बराच खाली गेल्यास ऋणाग्रामागील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्या जागी साचून आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका संभवतो. अशा वेळी संरक्षक सर्किट चार्जिंगच नाकारते, आणि बॅटरी अचानक निकामी झाल्यासारखे वाटते. म्हणून ती साधारण निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि काही महिन्यांनी पातळी तपासावी. फुगलेली बॅटरी मात्र चार्ज करून पाहू नये.

लॅपटॉप दाखवतो ती पूर्ण चार्ज क्षमता ही मोजणी करणाऱ्या चिपचा अंदाज असतो, आणि दीर्घ विश्रांतीनंतर तो चुकू शकतो. याखेरीज ऋणाग्र धनाग्रापेक्षा (धन टोकापेक्षा) किंचित मोठे ठेवलेले असते. भरलेल्या अवस्थेत पडून असताना ऋणाग्राच्या, धनाग्राबाहेर उरलेल्या कडेत थोडे लिथियम सरकते आणि पुढे वापर सुरू झाल्यावर ते हळूहळू परतते. बाहेर काढल्याबरोबर दिसणारी घट त्यामुळे सगळीच कायमची नसते, आणि बॅटरी बदलायची की नाही हे काही वेळा चार्ज करून व वापरून पाहिल्यावरच ठरवता येते.