पॅथॉलॉजी लोकांपर्यंत नेण्यासाठीचं छोटं अनुदान: अर्ज नेमका कुठे अडतो

ब्रिटनमधल्या रुग्णालयांच्या लॅबमध्ये आपली बरीच मराठी मंडळी आहेत. शाळेत, ग्रंथालयात किंवा मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात 'तुमच्या रक्ताच्या नमुन्याचं पुढे काय होतं' हे दाखवायची त्यांची इच्छा असते. त्यासाठी पैसे मिळतात. रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्स, मायक्रोबायोलॉजी सोसायटी आणि ब्रिटिश सोसायटी फॉर इम्युनॉलॉजी अशी छोटी अनुदानं देतात, साधारण १,००० पौंडांपर्यंत. अर्ज ऑनलाइन आहे, फॉर्म लहान आहे. तरीही चांगले अर्ज परत येतात, आणि बहुतेकदा विज्ञानामुळे नाही.

पहिला घोळ सदस्यत्वाचा. एचसीपीसीची (आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणारी नियामक संस्था) नोंदणी म्हणजे कुठल्याही संस्थेचं सदस्यत्व नव्हे. ती नियामकाकडची नोंद आहे. आयबीएमएसचं (बायोमेडिकल सायंटिस्टची व्यावसायिक संस्था) सदस्यत्व वेगळं, रॉयल कॉलेजचं वेगळं. जिच्याकडे अर्ज करताय तिची अट आधी वाचा, आणि वर्गणी भरलेली आहे ना, हेही बघा.

खरा अडथळा नमुन्यांचा. 'हिस्टोच्या (ऊतींच्या तपासणीच्या) जुन्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली दाखवू' असं एक वाक्य लिहिलं की प्रश्न सुरू होतात. २००४ च्या ह्युमन टिश्यू अ‍ॅक्टनुसार इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये मानवी पेशी असलेली जवळजवळ कुठलीही गोष्ट लोकांसमोर प्रदर्शित करायला संमती लागते. त्यात स्लाइड आल्या, रक्तही आलं. निदानासाठी नमुना देताना रुग्णाने दिलेली संमती इथे चालत नाही. मृत व्यक्तीचा नमुना असेल तर तिने हयातीत दिलेली लेखी संमती लागते आणि शिवाय ह्युमन टिश्यू ऑथॉरिटीचा परवाना. असा कागद कोणाकडे असतो? लॅबच्या कपाटात तरी नसतो. आरोग्यविषयक शिक्षण-प्रशिक्षणाला कायद्यात काही सवलत आहे, पण बाजारात किंवा जत्रेत मांडलेल्या उघड्या स्टॉलसाठी तिच्यावर विसंबू नका. छायाचित्रं आणि स्कॅन केलेल्या स्लाइडची चित्रं या कायद्यात येत नाहीत. रुग्णाची ओळख पटेल असं सगळं काढून, ट्रस्टची (तुमचं रुग्णालय चालवणारी एनएचएस संस्था) परवानगी घेऊन तीच वापरा आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा. हात धुण्याचा धडा द्यायचा असेल तर अतिनील दिव्याखाली चमकणारं जेल पुरतं. त्याला कोणाची संमती लागत नाही.

दुसरी कळकळीची सूचना: स्टॉलवर बोट टोचून साखर तपासून देऊ नका. दक्षिण आशियाई लोकांत टाइप २ मधुमेहाचं प्रमाण जास्त आहे, म्हणून मनात येतं हे खरं. पण तपासणी केली की तो कार्यक्रम राहत नाही, वैद्यकीय सेवा होते: उपकरणाची गुणवत्ता तपासणी, निकाल कोणी सांगायचा, जास्त आला तर पुढे पाठवायचं कुठे, सगळं आलं. त्यापेक्षा एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) छापील नमुना अहवाल ठेवा. भारतातल्या अहवालात ६.५ टक्के असतं, तेच इथे वेगळ्या एककात, ४८ mmol/mol असं असतं. हे समजावून सांगितलंत तर आजी-आजोबा थांबून ऐकतात.

'सर्वसामान्य जनता' हा श्रोतावर्ग नाही. 'नववी-दहावीच्या वयाची मुलं' किंवा 'साठीपुढचे, इंग्रजीत अहवाल वाचायला कचरणारे लोक' असं लिहा. मूल्यमापनाच्या रकान्यातही 'दोनशे लोक आले' पुरत नाही. आधी आणि नंतर तोच एक प्रश्न विचारून उत्तरं कशी बदलली ते कसं मोजणार, हे सांगा.

तारखांचं गणित उलटं मांडा. नॅशनल पॅथॉलॉजी वीक (रॉयल कॉलेजचा लोकांसाठीच्या कार्यक्रमांचा आठवडा) नोव्हेंबरात असतो, आणि त्याच्या आधी शाळांची ऑक्टोबरची हाफ टर्म (सत्राच्या मधली सुट्टी) येते. शाळेचं पत्र उन्हाळी सुट्टीपूर्वी हातात हवं. विभागप्रमुखाची सही मागितली असेल तर ती पहिल्याच आठवड्यात घ्या. शेवटच्या दिवशी ते नेमके रजेवर असतात. मुदतीची तारीखच नाही, वेळही बघा. ती संध्याकाळी ५ची असू शकते, मध्यरात्रीची नव्हे. मंजुरीआधी केलेला खर्चही सहसा मिळत नाही, त्यामुळे बॅनर आधी छापून घेऊ नका.

अंदाजपत्रकात प्रत्येक वस्तूसमोर कोटेशन द्या. 'इतर खर्च १५० पौंड' अशी ओळ परीक्षकाला खटकते. पैसे कोणाच्या खात्यात येणार हे ट्रस्टच्या फायनान्स विभागाला आधीच विचारा. एकदा ते ट्रस्टच्या सामाईक खात्यात गेले की काढताना दमछाक होते. जोखीम मूल्यांकन आणि विम्याचा कागद जोडा. शाळेत जाणार असाल तर स्टेम अ‍ॅम्बॅसडर (शाळांत विज्ञान-तंत्रज्ञान समजावणारे स्वयंसेवक) म्हणून नोंदणी करा, डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची पडताळणी) त्यातच विनामूल्य होते. मात्र तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज भरायला घ्याल त्याच दिवशी तिची सुरुवात करा.