भ्रूणीय मूलपेशींपासून यकृतसदृश पेशींची निर्मिती

भ्रूणाच्या ब्लास्टोसिस्ट (गर्भाशयात रुजण्यापूर्वीच्या, पोकळ चेंडूसारख्या) अवस्थेतील आतल्या पेशीपुंजातून मिळवलेल्या मूलपेशींना ठरावीक क्रमाने प्रथिनरूप संकेत देऊन त्यांच्यापासून यकृताच्या मुख्य कार्यपेशींसारखे रूप आणि त्यांची काही कार्ये असलेल्या पेशी संवर्धनात तयार करता येतात. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी १९८१ मध्ये वेगळ्या केल्या गेल्या, तर मानवाच्या १९९८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी वेगळ्या करून वाढवल्या. यकृताच्या दिशेने त्यांचे विभेदन (म्हणजे विशिष्ट प्रकारच्या पेशींत रूपांतर) घडवण्याचे प्रयत्न त्यानंतर लवकरच सुरू झाले.

नवे औषध यकृताला अपाय करते का, हे पाहण्यासाठी मानवी यकृतपेशी लागतात. दात्याच्या यकृतातून त्या थोड्याच मिळतात, बशीत फारशा विभागत नाहीत आणि औषधांचे विघटन करणारी आपली विकरे काही दिवसांतच गमावू लागतात. हेप-जी२सारख्या यकृतकर्करोगाच्या पेशी हव्या तितक्या वाढवता येतात, परंतु त्यांच्यात ही विकरे मुळातच क्षीण असतात. भ्रूणीय मूलपेशी दीर्घकाळ वाढवता येतात आणि शरीरातील बहुतेक सर्व प्रकारच्या पेशींना जन्म देऊ शकतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष गेले.

सुरुवातीच्या प्रयोगांत मूलपेशींचे गोळे बांधून त्यांना आपोआप विभेदित होऊ दिले जाई आणि त्या मिश्रणात यकृतपेशींच्या खुणा शोधल्या जात. अल्ब्युमिन व अल्फा-फीटोप्रोटीन या त्यांतल्या नेहमीच्या खुणा. पण गर्भाच्या पीतकोशाचा (गर्भाबाहेरील पोषक पिशवीचा) अंतःस्तर, म्हणजे आतला पेशीथरही, ही प्रथिने बनवतो, त्यामुळे त्या काळातील काही दावे सावधपणेच वाचावे लागतात. खरी वाट गर्भविज्ञानाने दाखवली. गर्भात यकृत गर्भाच्या स्वतःच्या अंतःस्तराच्या ज्या भागातून उगवते, तो भाग वाढत्या हृदयाला लागून असतो. हृदयाकडील मध्यस्तरातून (गर्भाच्या मधल्या पेशीथरातून) येणारे एफजीएफ आणि उदर व छाती यांमधील पडद्याच्या पूर्वरूपातून येणारे बीएमपी हे दोन्ही प्रथिनरूप संकेत यकृत ठरण्यासाठी लागतात, हे केनेथ झॅरेट यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या गर्भावर १९९९ ते २००१ या काळात दाखवले. प्रयोगशाळेतील कृती म्हणजे याच घटनाक्रमाची बशीतील उजळणी होय.

पहिल्या टप्प्यात ॲक्टिव्हिन ए हे प्रथिन भरपूर मात्रेत आणि रक्तद्रव अगदी कमी ठेवून दिले जाते. गर्भात नोडल हा संकेत जे काम करतो, ते येथे ॲक्टिव्हिन करते. या रीतीने ८० टक्क्यांपर्यंत पेशी खऱ्या (पीतकोशाच्या नव्हे, गर्भाच्या स्वतःच्या) अंतःस्तराकडे वळवता येतात, हे २००५ मध्ये सॅन दिएगो येथील संशोधकांनी दाखवले आणि पुढच्या बहुतेक पद्धती त्यावरच उभ्या राहिल्या. नंतर एफजीएफ२ व बीएमपी४ यांमुळे यकृताची दिशा ठरते आणि यकृतवृद्धी घटकामुळे यकृताच्या पूर्वपेशी वाढतात. शेवटी ऑन्कोस्टॅटिन एम दिले जाते. गर्भाच्या यकृतात रक्तनिर्मिती चालू असताना तेथील रक्तपेशी हेच प्रथिन स्रवतात. स्टीफन डंकन यांच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली, पाच-पाच दिवसांच्या चार टप्प्यांची वीस दिवसांची पद्धत बरीच वापरली गेली. तिचा वापर भ्रूणीय मूलपेशींबरोबरच शिन्या यामानाका यांनी शोधलेल्या प्रेरित मूलपेशींवरही (शरीरातील सामान्य पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे करून मिळणाऱ्या पेशींवरही) झाला. भ्रूण वापरावे लागत नाही आणि रुग्णाच्याच पेशी घेता येतात, या दोन कारणांनी आज बरेचसे काम प्रेरित मूलपेशींवर चालते.

तयार झालेल्या पेशी बहुकोनी दिसतात, काहींत दोन केंद्रके असतात, त्या ग्लायकोजेन साठवतात, अल्ब्युमिन स्रवतात, यूरिया बनवतात आणि इंडोसायनिन ग्रीन हा रंग शोषून पुन्हा बाहेर टाकतात. तरीही त्या प्रौढ यकृतपेशी नव्हेत, आणि या क्षेत्राची मुख्य अडचण येथेच आहे. त्यांच्यात अल्फा-फीटोप्रोटीन टिकून राहते, औषधांचे विघटन करणाऱ्या सायटोक्रोम पी४५० गटातील विकरांची क्रिया ताज्या यकृतपेशींच्या तुलनेत बरीच कमी असते आणि त्याच गटातील प्रौढ सीवायपी३ए४ऐवजी गर्भावस्थेतील सीवायपी३ए७चे वर्चस्व दिसते. एखादे औषध या विकरांमुळे विषारी होत असेल, तर अशा पेशींवर ते निरुपद्रवी भासण्याचा धोका असतो. पेशीची ओळख ठरवणे तुलनेने सोपे निघाले. तिला प्रौढ करणे मात्र अजून साधलेले नाही. शरीरातही ही प्रौढता जन्मानंतर, आहार, संप्रेरके व शेजारच्या पेशी यांच्या सहवासात येते, म्हणून त्रिमितीय संवर्धन व मिश्र पेशींचे प्रयोग होत आहेत. जपानमध्ये ताकानोरी ताकेबे व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रेरित मूलपेशींपासूनचा यकृती अंतःस्तर, रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी व मध्योतक पेशी (आधार देणाऱ्या ऊतींच्या मूलपेशी) एकत्र वाढवून यकृताचे अंकुर बनवले, ते त्यांपैकी विशेष गाजले.

भारतात परळ, मुंबई येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने किंड१ व किंड२ या मानवी भ्रूणीय मूलपेशींच्या वाणांची (सतत वाढवता येणाऱ्या पेशीवंशांची) निर्मिती केली आहे. अशा कामाला राष्ट्रीय मूलपेशी संशोधन मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात.

उपचारात मोठा धोका अविभेदित राहिलेल्या पेशींचा असतो, कारण त्यांच्यापासून टेराटोमा ही अनेक प्रकारच्या ऊतींची गाठ होऊ शकते. टोकियोतील राष्ट्रीय बालआरोग्य व विकास केंद्राने ऑक्टोबर २०१९ मध्ये यूरियाचक्राचा (अमोनियाचे यूरियात रूपांतर करणाऱ्या क्रियेचा) जन्मजात विकार असलेल्या सहा दिवसांच्या बाळाच्या यकृतात, रक्तवाहिनीद्वारे, भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या सुमारे १९ कोटी यकृतपेशी सोडल्या. रक्तातील अमोनिया आटोक्यात ठेवून यकृतरोपण पेलेल इतके बाळ वाढेपर्यंत वेळ मिळवणे, एवढाच या उपचाराचा मर्यादित उद्देश होता. काही महिन्यांनी वडिलांच्या यकृताचा भाग त्याला बसवण्यात आला.