पॅडलबोर्ड शर्यत, हौशी

रुंद बोर्डावर उभे राहून, एकाच पात्याचे लांब वल्हे दोन्ही हातांनी चालवत ठरावीक जलमार्ग कमीत कमी वेळात पार करण्याची स्पर्धा. खेळाडूंमध्ये ती ‘सप’ (स्टँड-अप पॅडल) शर्यत या नावाने परिचित आहे. बोर्डावर पालथे पडून किंवा गुडघे टेकून नुसत्या हातांनी पाणी कापण्याची शर्यत याहून जुनी व वेगळी. तिलाही पॅडलबोर्ड शर्यत म्हणत असल्याने जुन्या निकालांचे वाचन सावधपणे करावे लागते. हौशी गटात रोख बक्षिसाऐवजी वय, लिंग आणि बोर्डाची लांबी यांनुसार क्रमांक दिले जातात. बहुतेक ठिकाणी हौशी आणि व्यावसायिक स्पर्धक एकाच पाण्यात, थोड्या अंतराने सुटतात.

उगम : याविषयी एकमत नाही. पेरूच्या किनाऱ्यावरील वांचाको येथे कोळी लव्हाळ्याच्या मोळीची ‘काबायितो दे तोतोरा’ ही होडी वापरतात. तिची परंपरा सुमारे ३,००० वर्षांची मानली जाते. इस्राएलच्या किनाऱ्यावर जीवरक्षक ‘हसाके’ नावाचा सपाट तराफा दुपाती वल्ह्याने उभ्याने चालवत. व्हेनिसचे नावाडीही दाखल्यादाखल पुढे केले जातात. उभ्याने वल्हवणे ही पाण्याकाठच्या अनेक समाजांना स्वतंत्रपणे सुचलेली गोष्ट आहे, एवढेच यांवरून सिद्ध होते. आजच्या खेळाशी त्यांपैकी कोणाचाही सलग धागा जोडता येत नाही. काबायितोवर तर कोळी बहुधा बसून किंवा गुडघ्यांवर असतो.

सलग धागा मिळतो तो हवाईत. वायकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना लाटांवर स्वार व्हायला शिकवणारे ‘बीच बॉइज’ साधारण १९४० ते १९६० च्या दशकांत कधीकधी वल्हे घेऊन बोर्डावर उभे राहत. उभे राहिल्याने येणारी लाट आधी दिसे, शिकाऊंवर नजर ठेवता येई आणि त्यांची छायाचित्रेही घेता येत. या संदर्भात ड्यूक काहानामोकू, जॉन झापोटोकी तसेच जॉन ऊर्फ ‘पॉप्स’ आ चॉय व त्यांचे मुलगे लेरॉय आणि बॉबी यांची नावे येतात. अपघातानंतर गुडघे टेकणे जमेना म्हणून बॉबीने वल्हे हाती घेतले, असे सांगतात. पहिला मान कोणाचा, हे मौखिक आठवणींवर अवलंबून असल्याने येथे निवाडा केलेला नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास माउई बेटावर लेयर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फिंगपटूंनी ही रीत पुन्हा उचलली. पुढे ब्रायन केआउलाना यांनी ओआहूवरील माकाहा येथील मोठ्या बोर्डांच्या स्पर्धेत तिला स्वतंत्र गट दिला (बहुधा २००३, काहींच्या मते २००४). हवाई भाषेतील ‘होए हेए नालू’ या संज्ञेचा अर्थ ‘वल्ह्याने लाटेवर घसरणे’ असा आहे. खेळाचे मूळ शर्यतीत नसून लाटेत आहे, हे त्या नावातच आहे.

शर्यतीचे अंग मात्र दुसरीकडून आले. १९३२ मध्ये टॉम ब्लेक आणि दोन सोबत्यांनी कॅलिफोर्नियाच्या मुख्य भूमीपासून कॅटालिना बेटापर्यंतची सामुद्रधुनी पोकळ लाकडी बोर्डांवर हातांनी पार केली. कॅटालिना क्लासिक १९५५ मध्ये, तर मोलोकाई ते ओआहू ही सुमारे ५२ किमीची शर्यत १९९७ मध्ये सुरू झाली. या हाताच्या शर्यतींमध्ये उभ्याने वल्हवणाऱ्यांचा गट नंतर दाखल झाला. लाटेची विद्या वायकीकीची आणि अंतराची शिस्त हाताच्या पॅडलबोर्डाची, असे दुहेरी मूळ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हौशींची गर्दी खेचणारे पहिले मोठे संमेलन म्हणून २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील डेना पॉइंट येथे सुरू झालेल्या ‘बॅटल ऑफ द पॅडल’चा उल्लेख केला जातो.

साधने : लांब व निमुळता बोर्ड त्याच श्रमात अधिक वेगाने जातो. म्हणून गट लांबीवर पाडतात : १४ फूट (४.२७ मी.) आणि १२ फूट ६ इंच (३.८१ मी.) हे मुख्य. हवा भरून फुगवायच्या बोर्डांना पुष्कळदा वेगळा गट मिळतो. रुंदी कमी तितका वेग जास्त आणि तोलही तितकाच अवघड. अरुंद बोर्डावर सतत पाण्यात पडणारा स्पर्धक रुंद बोर्डावरच्या संथ स्पर्धकाच्या मागे राहतो, हे हौशी शर्यतीत वारंवार दिसते.

वल्ह्याचे पाते दांड्याशी सुमारे १० अंशांत कललेले असते आणि तो कल पुढच्या दिशेला, म्हणजे वल्हवणाऱ्यापासून दूर ठेवायचा असतो. नवशिक्याचा हात नेमका उलट जातो, कारण पाणी पळीसारखे ओढावे असे मनाला वाटते. प्रत्यक्षात पाते पायांपाशी येईपर्यंत दांडा मागे कलू लागतो. पुढे कललेले पाते त्या क्षणीही पाण्यात जवळपास उभे राहते. उलट धरलेले पाते पाणी वर उचलते, त्यासरशी बोर्ड खाली दबतो आणि वेग मोडतो. वल्हे पायांपाशी आले की बाहेर काढावे, हा नियम याचमुळे.

शर्यतीचे स्वरूप : हौशींचे अंतर साधारणतः ३ ते १० किमी. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनाच्या राइट्सव्हिल बीचवर होणाऱ्या कॅरोलिना कपात छोटी, मधली आणि सुमारे २१ किमीची ‘ग्रेव्हयार्ड’ अशा तीन पायऱ्या आढळतात. नेदरलँड्समधील अकरा शहरांची सफर पाच दिवसांत सुमारे २२० किमी कालव्यांतून जाते आणि तिच्यातही हौशी उतरतात.

कस लागतो तो बोयाच्या, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या, वळणावर. स्पर्धक एक पाय मागे टाकत बोर्डाच्या शेपटाकडे सरकतो. शेपूट बुडते, नाक पाण्याबाहेर येते आणि बाहेरच्या बाजूने दोन-तीन रुंद फटके मारताच बोर्ड जागच्या जागी फिरतो. त्या वेळी वल्हे पाण्यात असणे हाच आधार. ते उचलले की तोल गेलाच. पहिल्या बोयापाशी अनेक बोर्ड एकत्र येतात आणि बरेच जण तेथेच पडतात. पडण्याला दंड नसतो, पुन्हा चढून निघायचे. गुडघ्यांवर बसून मारायच्या फटक्यांवर मात्र मर्यादा असते. पुढच्याच्या मागे तयार होणाऱ्या लाटेवर राहून श्रम वाचवण्याची युक्ती बहुधा त्याच बोर्डगटात व लिंगगटातच मान्य असते.

उभे शरीर शिडासारखे वारा धरते. समोरचा वारा वाढला की हौशी स्पर्धक मागे ढकलला जाऊ शकतो. म्हणून बोर्ड पायाशी बांधणारी दोरी बहुतेक ठिकाणी सक्तीची असते. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑक्टोबर २००८ मध्ये लाटांच्या व पोहण्याच्या क्षेत्राबाहेर अशा बोर्डाला ‘जलयान’ ठरवले. तेव्हापासून तेथे तरंगजाकीट बाळगणे बंधनकारक झाले.

नियमन : आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेने २०१२ मध्ये पेरूत पहिली जागतिक स्पर्धा भरवली, तर आंतरराष्ट्रीय कनू महासंघाने २०१९ मध्ये चीनमधील चिंगदाओ येथे आपली. नियमनाचा हक्क कोणाचा, यावरून दोन्ही संस्थांत वाद झाला. हा खेळ लाटेचा की वल्ह्याचा, हाच त्या वादाचा गाभा. ऑगस्ट २०२० मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ऑलिंपिक स्तरावरील नियमन सर्फिंग संघटनेकडे दिले आणि कनू महासंघाला स्वतःच्या स्पर्धा भरवण्याची मोकळीक ठेवली. उगमाचा इतिहास पाहता हा निर्णय योग्यच वाटतो. लिमा येथील २०१९ च्या पॅन-अमेरिकन क्रीडास्पर्धांत हा प्रकार समाविष्ट होता.

भारतात शर्यती मुख्यतः तमिळनाडू व कर्नाटकच्या किनाऱ्यांवर होतात. मार्च २०२४ मध्ये मंगळूरजवळील सशिहित्तलू येथे जागतिक दौऱ्यातील एक स्पर्धा झाली.