लहान मेंदू फक्त तोल सांभाळतो?

शाळेपासून पाठ झालेलं वाक्य: अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू, तोल आणि हालचाल सांभाळतो. खोटं नाही, पण अर्धवट आहे. 2011 मध्ये 1000 जणांच्या विश्रांत अवस्थेतल्या (काही काम न देता घेतलेल्या) एफएमआरआयवरून, म्हणजे रक्तप्रवाहातल्या बदलांवरून मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनवरून, लहान मेंदूचा नकाशा काढला, तेव्हा त्याचा बहुतांश भाग मोठ्या मेंदूच्या विचार, भाषा, स्मृती यांच्या जाळ्यांशी जोडलेला निघाला. जोडणी उलट बाजूची असते आणि मोठ्या मेंदूत भाषा बहुधा डावीकडे असते, म्हणून लहान मेंदूत भाषेचं काम बहुधा उजवीकडे दिसतं. 2019 च्या अभ्यासात 24 जणांना कितीतरी निरनिराळी कामं दिली. कामाच्या सीमा खंडिकांच्या, म्हणजे घड्यांनी पडलेल्या लहान मेंदूच्या भागांच्या, सीमांशी जुळल्याच नाहीत. त्यामुळे ‘अमुक खंडिका, अमुक काम’ हे तक्तेही जपूनच वापरावेत.

गैरसमज टिकला त्यात स्कॅनिंगचाही हात आहे. स्कॅनचे काप (आडव्या थरांची चित्रं) डोक्याच्या वरून मोजत लावले की तळाचा भाग चौकटीबाहेर राहायचा. शिवाय इथलं बाह्यक (बाहेरचा थर) जेमतेम 1 मिमी जाड, आणि व्हॉक्सेल, म्हणजे स्कॅनमधला सर्वांत लहान ठोकळा, साधारण 2 ते 3 मिमीचा, म्हणजे शेजारच्या घड्या एकाच ठिपक्यात मिसळतात. वरच्या दृष्टिबाह्यकाचा (मोठ्या मेंदूतल्या पाहण्याच्या भागाचा) सिग्नलही खाली झिरपतो. संपूर्ण मेंदूवर 8 मिमी स्मूदिंग (शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून चित्र गुळगुळीत करणं) केलंत तर हमखास झिरपतो! आधी अनुमस्तिष्क वेगळं काढा, त्याच्याच स्वतंत्र टेम्प्लेटवर (नमुना-नकाशावर) बसवा, श्वास आणि नाडीमुळे सिग्नलमध्ये येणारा गोंगाट वजा करा.