कृतीतून शिक्षण: बोर्डी-कोसबाडची पार्श्वभूमी

मुलांच्या हातांना काम द्या, त्यांना बोलतं करा, हे आज प्रत्येक शिक्षक प्रशिक्षणात सांगितलं जातं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही कृती आणि शोधातून शिकवण्याची तरतूद आहे. उत्तर कोकणात, पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाड या गावांत मात्र हे काम त्याच्या साठ वर्षं आधीच सुरू झालं होतं.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करत होत्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकतं, हा इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींचा विचार त्यांना पटला होता. अडचण होती ती महागड्या साधनांची, आणि गरिबांची मुलं यापासून दूरच होती. म्हणून 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या.

बालवाडी निघाली, पण वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. साधनं आसपासचीच: खडे, शिंपले, बिया, पानं. लहानमोठे शिंपले निवडून वेगळे करायचे, बियांच्या ओळी लावून मोजायच्या. अंगणवाडी ती हीच. 1975 मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथली कुरणशाळा. वारल्यांची पोरं गुरं राखायला जायची, म्हणून शिक्षक कुरणावर जायचे. घरी धाकटी भावंडं सांभाळावी लागतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तीच विकासवाडी. मूल का येत नाही, याचं उत्तर आधी शोधलं आणि शिकवण्याची रीत त्यावरून ठरवली.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर ज्ञानरचनावादाची, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतःच्या अनुभवातून घडवतं या विचाराची, चर्चा वाढली. जिल्हा परिषदेच्या शाळांत फरशीवर तळफळे, म्हणजे मुलांनी बसून लिहायचे फळे, रंगले, भिंती बोलक्या झाल्या. चांगलंच झालं. पण कित्येक ठिकाणी गावोगाव तेच तळफळे, तेच छापील तक्ते दिसतात. गावचा समुद्र, भातशेती, माडाची वाडी त्यात क्वचितच येते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाडीवरच्या कितीतरी शाळांचा पट कमी आहे. एकाच खोलीत तीन-चार इयत्ता बसतात आणि शिक्षक एक किंवा दोन. तिथे फळ्यासमोर उभं राहून सगळ्यांना एकच धडा शिकवता येत नाही. गटात बसवून, मोठ्यांकडून धाकट्यांना शिकवून घेऊनच वर्ग चालतो.