आयपीए मुरवायची बिअर नव्हे

माल्ट एक्स्ट्रॅक्टपासून, म्हणजे मोड आणलेल्या जवाच्या तयार अर्कापासून, घरी आयपीए (इंडिया पेल एल ही फिकट, कडवट बिअर) करणाऱ्यांनी एक गोष्ट हमखास ऐकलेली असते. इंग्लंडहून मुंबई-कलकत्त्याला येताना बिअर नासायची, म्हणून लंडनच्या जॉर्ज हॉजसनने भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) घालून आयपीए शोधून काढली. हे खरं नाही. उष्ण देशांत पाठवायच्या बिअरला जास्त हॉप्स घालावेत, हा सल्ला १७६० च्या दशकातच इंग्लंडात दिला जात होता. शिवाय पोर्टर नावाची काळी बिअरही हिंदुस्थानापर्यंत धड पोचायची. गोरे सैनिक ती आवडीने पीत. हॉजसनचं यश मोक्याच्या जागेचं होतं. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची तो ब्लॅकवॉलचा धक्का त्याच्या ब्रुअरीपासून जवळ, आणि कप्तानांना लांब मुदतीची उधारी!

या दंतकथेचं मला खरं दुःख वाटतं ते वेगळ्याच कारणाने. ‘टिकाऊ बिअर’ समजून लोक मेहनतीने केलेल्या बाटल्या महिनोन्महिने ठेवून देतात. हॉप्सचा कडवटपणा काही जंतूंना रोखतो, हे खरंच. पण शेवटी घातलेल्या हॉप्सचा संत्र्यासारखा दरवळ ऑक्सिजनने लवकर मरतो. बाटल्या भरताना बिअर खळखळू देऊ नका. फेस धरला की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि ताजी असतानाच संपवा.